फाटक ते दरवाजा, एकेचाळीस फूट

आमच्या अमरावतीच्या घराचं फाटक ते घराचा दरवाजा हे अंतर एकेचाळीस फूट आहे. लोकांनी जगात याहून मोठाली अंतरं पायी कापली आहेत, कबूल. पण ते ज्या जमिनीवरून चालले ती जमीन त्यांना चालू देत होती. आमचं ले-आउट ज्या वावरावर पडलं तिथं आधी कपाशी होती, आणि आपण आता वावर राहिलो नाही ही बातमी त्या काळ्या मातीला अजून कोणी सांगितलेली नाही. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की सकाळी आत नाणं टाकलं तर पडल्याचा आवाज सायंकाळी येतो. पावसाळ्यात ती फुगते. मग पाय टाकला की पाय परत देते आणि चप्पल ठेवून घेते. एका साली पोस्टमनची सायकल फाटकाच्या आत दोन हातांवर रुतली. ती पोळा झाल्यावर बैलजोडी लावून काढावी लागली, आणि निघाली तेव्हा मागच्या चाकाला दोन बोंडं धरली होती. खोटं वाटत असेल तर त्या बैलांना विचारा.

याच मातीत माझी बायको सत्यवती मागच्या पावसाळ्यात पडली. गुडघे आधीच कुरकुरत होते, त्यांना निमित्त मिळालं. यंदा जून महिन्यात नागपूरला दोन्ही गुडघे बदलून झाले आणि डॉक्टरांनी सांगितलं, वॉकर घेऊन चालायचं, सपाट जमिनीवर चालायचं. सपाट जमीन आमच्या घराण्यात फक्त मुलीकडे होती. म्हणून सत्यवती परस्पर अकोल्याला वर्षालीच्या फ्लॅटवर गेली. जाताना गाडीच्या खिडकीतून मला म्हणाली, "फाटकापासून दारापर्यंत सिमेंटचा रस्ता झाल्याबिगर मी त्या घरात येत नाही. मले अजून एक डाव आपटाचं नाही."

मी म्हटलं, "महालक्ष्म्यांच्या आत करतो."

हे वाक्य बोलायला मला दोन सेकंद लागले. त्याची शिक्षा मी अडीच महिने भोगली.

महालक्ष्म्या म्हणजे पुण्याकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या. आमच्याकडे त्या भादव्यात तीन दिवस येतात, थाटात बसतात, आणि दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या, आंबील, पुरण असं जेवून तिसऱ्या दिवशी जातात. आमच्या घरात त्या एकोणचाळीस वर्षं सत्यवतीच्या हातानं बसल्या. ती आली नाही तर त्या बसणार कशा? मला सोळा भाज्यांची नावंसुद्धा येत नाहीत, अकरावर अडकतो. म्हणजे रस्ता झाला तर सत्यवती, सत्यवती आली तर महालक्ष्म्या. रस्ता नाही झाला तर मी आणि ती सायकल गिळणारी माती, दोघंच.

पहिला सल्ला डाव्या बाजूच्या उत्तमरावांनी दिला. उत्तमराव प्लॉटांचे व्यवहार करतात. त्यांचा स्वतःचा तेल्हाऱ्याचा प्लॉट मात्र अकरा वर्षांपासून विकला जात नव्हता, त्यामुळे दुसऱ्यांना सल्ला द्यायला त्यांच्याजवळ भरपूर वेळ होता. "खुशालराव," ते भिंतीवर कोपरं टेकून म्हणाले, "फरशी टाका. काँक्रीट उन्हानं तापते."

समोरच्या नागसेनभाऊंनी सांगितलं, "फरशी निसटते. काँक्रीटच करा." नागसेनभाऊ पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले. त्यांना उताराची फार चिंता. आपल्या घरातली भाजीसुद्धा ते ताट जरा कलतं ठेवून खातात. "फुटाले पाव इंच उतार द्या. फाटकाकडं. घराकडं दिला तर पाणी सैपाकघरात येईन, मंग माह्याकडं येऊ नका."

मागच्या गल्लीतल्या माणिकबाई फुलांचं वावर करतात आणि रोज सकाळी हार-गजरे घेऊन आमच्या दारावरून जातात. त्या म्हणाल्या, "भाऊ, माती काढसान तर मले द्या. शेवंतीले लावतो." उत्तमराव म्हणाले, गुलाबाला मलाही लागेल. मला वाटलं, राजेहो, आपल्या मातीला मागणी आहे! माणसाला हुरूप येतो तो असा.

मिस्त्री ठरला बद्रुद्दीन. साठीचा माणूस, चाळीस वर्षं सिमेंटमध्ये घातलेली. त्यानं आल्याबरोबर बोलणं वगैरे काही केलं नाही. पहारीसारखी लोखंडी सब्बल उचलली आणि जमिनीत मारली. सब्बल आत गेली आणि जातच राहिली. शेवटी त्यानं ती दोन्ही हातांनी ओढून काढली, पुसली, आणि माझ्याकडे दुःखानं पाहिलं.

"भाऊसाब, ये जमीन नही, ये श्रीखंड है."

"मंग?"

"पहिले दीड फूट काढा लागन. मुरूम भरा लागन, दाबा लागन. त्यावर गिट्टी, मंग काँक्रीट. नाही तं दिवाळीले तुमचा रस्ता वर येईन, होळीले खाली जाईन. त्याच्यावर बसून तुमी झोके घेजा."

दीड फूट खोल, आठ फूट रुंद, एकेचाळीस फूट लांब. कागदावर हा आकडा लहान दिसतो. माती बाहेर काढल्यावर आमच्या फाटकासमोर जो ढीग झाला त्याच्या माथ्यावरून, हवा स्वच्छ असली तर, चिखलदऱ्याचे डोंगर दिसत. पोट्टे वर चढून पतंग उडवू लागले. त्याच दिवशी दुपारपासून झड लागली, आणि पाऊस पडल्याबरोबर मातीची मागणी नाहीशी झाली. माणिकबाई म्हणाल्या, माती जरा वाळून वाफसा झाला की नेतो. उत्तमराव म्हणाले, गुलाब आता तसेही म्हातारे झाले.

चार दिवसांनी स्कूटरवर एक गृहस्थ आले. त्यांनी ढिगाचा फोटो काढला, माझा काढला, आणि परवानगी विचारली. परवानगी एका कार्यालयात मिळत होती. त्याचं नाव मी सांगणार नाही. मला तिथं अजून जावं लागणार आहे. तिथं एका खिडकीमागे एक सज्जन बसले होते. स्वभावानं अत्यंत मृदू. त्यांनी अर्ज वाचला आणि त्यांचा चेहरा पडला.

"आजोबा, याच्यात तीनच रकाने आहेत. इमारत, कुंपणभिंत, विहीर. तुमचं काय आहे?"

"रस्ता."

"रस्ता कुठून कुठं जाते?"

"फाटकापासून दारापर्यंत."

"दोन गावं जोडते?"

"नाही जी."

"मंग रस्ता नाही होत. छप्पर आहे?"

"नाही."

"इमारत गेली. उभं आहे का आडवं?"

"आडवं."

"कुंपणभिंत गेली." ते बराच वेळ पेन चावत बसले. मग हळूच विचारलं, "खोदलं आहे म्हणता. आता पाणी आहे त्याच्यात?"

"गुडघ्याइतकं आहे," मी खरं ते सांगितलं. आयुष्यात जिथं जिथं मी खरं बोललो तिथं तिथं नुकसान झालं.

त्यांचा चेहरा उजळला. शिक्का बसला. आज सरकारी कागदावर आमच्या दारापुढे एक खुली विहीर आहे, लांबी एकेचाळीस फूट, खोली दीड. पंधरा दिवसांनी पत्रही आलं की सदर विहिरीत कोणी पडू नये म्हणून तिला कठडा बांधावा. ते पत्र मी देवघरात ठेवलं आहे. दुसरीकडे कुठं ठेवावं हे कळलं नाही.

या सगळ्यात जुलै गेला. अकोल्याहून रोज फोन येई. सत्यवती विचारी, "कुठवर आलं?" मी सांगे, "झालंच म्हणून समज." इकडे मी खोदलेल्या खड्ड्यावर शिडी आडवी टाकून घरात जात होतो. सत्तरीच्या माणसानं हातात दुधाची पिशवी घेऊन शिडीवरून रांगत घरी जाणं यात अपमान आहे, पण पाहणारा कोणी नसेल तर तो पचतो. आमच्याकडे उत्तमराव होते. ते रोज सकाळी चहाचा कप घेऊन भिंतीशी उभे राहत आणि म्हणत, "उजवा पाय, खुशालराव, उजवा."

श्रावण निम्मा उतरला तसा पावसानं खंड दिला. खड्डा आटला, मुरूम आला, दाबला गेला, त्यावर गिट्टी पसरली. काँक्रीटचा दिवस ठरला. एरवी मिक्सर बाहेर गल्लीत उभा राहतो आणि काँक्रीट दारापासून सुरू होऊन फाटकाकडे सरकतं. पण गल्लीत आमचा डोंगर होता. तेव्हा बद्रुद्दीननं मिक्सर ओट्याच्या बाजूला आत आणला आणि काम फाटकापासून सुरू करून घराकडे आणायचं ठरवलं. ही गोष्ट ध्यानात ठेवा. मी नाही ठेवली.

सकाळी दहाला पहिलं घमेलं फाटकाशी पडलं. माणिकबाई टोपलं डोक्यावर घेऊन थांबल्या आणि बोलल्या, "भाऊ, एक बोलू? काकू दरसाली महालक्ष्म्यांसाठी फाटकापासून देवघरापर्यंत रांगोळीचे पाय काढते. आता तिले उकिडवं बसता येणार आहे का? वल्ल्या सिमेंटात पक्के पाय काढून टाका ना. जलमभराचं काम होते."

राजेहो, मला हे सुचलं नव्हतं याची लाज वाटली. सत्यवतीच्या नव्या गुडघ्यांना डॉक्टरांनी उकिडवं बसायची बंदी केली होती. एकोणचाळीस वर्षं ती फाटकाशी बसून, मूठ भिजवून, एकेक पाऊल उठवत आत यायची. मी त्या वेळी पेपर वाचत असे. आता कधी नव्हे ते तिच्यासाठी मला काही करता येणार होतं, तेही सिमेंटमध्ये, म्हणजे पुरावा राहणारं.

"मिस्त्री, तुमी काढता का?" मी विचारलं.

बद्रुद्दीन दोन पावलं मागे सरला. "नही भाऊसाब. घरच्या माणसाचा हात पाहिजे त्याले."

माणिकबाईंनी रीत दाखवली. मूठ वळायची, करंगळीची बाजू खाली दाबायची. मनगटाकडे टाच येते. पुढच्या टोकाला बोटानं पाच ठिपके दिले की झाली लक्ष्मीची बोटं. त्या गेल्या. मी धोतर खोचलं आणि बसलो.

पद्धत अशी होती. बद्रुद्दीनची माणसं तीन फूट काँक्रीट ओतत, तो थापी फिरवून ते आरशासारखं करी, आणि मग मी अजून न भरलेल्या गिट्टीवर बसून, पुढे वाकून, मधोमध पावलं उठवी. डावं, उजवं. मग मी तीन फूट मागे सरकायचा आणि ते माझ्यापुढे ओतायचे. बाजूनं बसायची सोयच नव्हती, दोन्हीकडे आमची माती जबडा वासून होती. असा मी पाठमोरा, ओट्याच्या दिशेनं, सहा तास सरकलो. कंबर तुटली. मूठ सिमेंटनं सोलून निघाली. पण पावलं अशी सुरेख उठली की कामावरच्या बाया थांबून पाहू लागल्या. नागसेनभाऊ येऊन गेले. उत्तमराव तर सबंध दिवस भिंतीवर होते, चहा तिथंच मागवत होते. विशेष म्हणजे त्या दिवशी कोणीही एका शब्दानं सल्ला दिला नाही. मला वाटलं, माझ्या भक्तीनं लोक गहिवरले.

चारच्या सुमाराला शेवटचं पाऊल ओट्याच्या पायरीशी उठवलं. मी पायरी चढलो, कमरेवर हात ठेवून ताठ झालो आणि आपलं काम पहिल्यांदा घरधन्याच्या जागेवरून पाहिलं.

लक्ष्मी चालली होती.

एक पाऊल इकडचं तिकडं नाही. आमच्या पायरीपासून निघून, ठाम, न थांबता, मागे वळून न पाहता, एकेचाळीस फूट चालत ती फाटकाबाहेर गेली होती. मुठीचं पाऊल काढणाऱ्यापासून लांब जातं. सत्यवती घराकडे तोंड करून बसते म्हणून ते घरात येतं. मी सहा तास फाटकाकडे तोंड करून बसलो होतो.

एवढं पुरेसं नव्हतं म्हणून की काय, फाटकाजवळचं पहिलं पाऊल काढताना मी जरा तिरपा बसलो असणार. ते डावीकडे वळलं होतं. फाटकातून निघून डावीकडे पहिलं घर उत्तमरावांचं लागतं.

"मिस्त्री," मी म्हटलं. माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा आला. "तुमाले दिसलं नाही?"

"दिसलं ना."

"मंग बोलले काहून नाही?"

बद्रुद्दीननं डोक्यावरचा रुमाल काढून घाम पुसला. "भाऊसाब, मले वाटलं तुमच्यात असंच असते. आता धरमाच्या कामात मी कशाले तोंड घालू? थापीचं विचारसान तर सांगीन."

मी नागसेनभाऊंकडे गेलो. म्हणजे उत्तमरावांच्या भिंतीवरून उतरून गेलो. आमच्या दारातून बाहेर जायला वाट होती कुठं? नागसेनभाऊ म्हणाले, "मी सकाळीच पाह्यलं. पण तुमच्या देवाचं तुमाले माहीत, मी काय बोलणार? उतार मात्र एक नंबर आला. एक थेंब थांबणार नाही."

ज्या माणसांनी मला फरशीपासून शिडीवर कोणता पाय आधी टाकावा इथपर्यंत सगळं शिकवलं, ती माणसं त्या एका दिवशी सभ्य झाली होती.

उत्तमराव तेवढे मोकळेपणानं बोलले. "मीही पाह्यलं होतं, खुशालराव. पण म्हटलं, तिची मर्जी."

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तमरावांच्या फाटकासमोर सडा होता, रांगोळी होती, दोन्ही बाजूंना पणत्या होत्या. आठव्या दिवशी तेल्हाऱ्याचा प्लॉट विकला गेला. मी हे वाढवून सांगत नाही. मला वाढवायचं असतं तर चौथ्या दिवशी सांगितला असता. ते पेढे घेऊन आले, आणि आमच्या घरात न येता फाटकाशी, त्या तिरप्या पावलाजवळ पेढा ठेवून नमस्कार करून गेले. गल्लीत हवा पसरली. विम्याचा एजंट जो दर महिन्याला मला छळायचा, तो आमच्या दारावरून मान खाली घालून जाऊ लागला, जसं मयताच्या घरावरून जातात.

मी बद्रुद्दीनला म्हटलं, "हे तोडा."

"तोडून देतो. पण लक्ष्मीच्या पायावर छन्नी मी नाही मारत. तुमी मारा, बाकीचं मी तोडतो."

मी छन्नी हातात घेतली. पहिल्या पावलाच्या अंगठ्यावर ठेवली. हातोडा उचलला, आणि ठेवला. मग पावलं सिमेंटनं बुजवायचं ठरवलं. फाटकाजवळची तीन भरली. ती वाळली तशी पांढरीफक्क झाली. आधी जी पावलं जवळ आल्यावर दिसत, ती आता गल्लीच्या तोंडापासून दिसू लागली. लक्ष्मी पायमोजे घालून चालली होती.

तिकडे महालक्ष्म्या चार दिवसांवर आल्या. फोन आला.

"झाला का रस्ता?"

"झाला."

"मजबूत?"

"रेल्वे जाईन." हे तरी खरं होतं.

"मंग?"

"मंग काय, ये आता. चंदन आणून सोडन की गाडीनं." चंदन आमचा जावई.

ती म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी फोन नाही. तिसऱ्या दिवशी नाही. मला पक्कं वाटलं, कोणीतरी पावलांची बातमी अकोल्याला पोचवली, आणि ज्या घरातून लक्ष्मी उघड उघड निघून गेली त्या घरात सत्यवती येणार नाही. चौथ्या दिवशी मी वर्षालीला लावला.

"बाबा," ती म्हणाली, "आई दोन दिवसांपासून धड जेवली नाही. तुमी एक डाव तरी आले का तिले पाह्याले?"

"अवं, काँक्रीटले दिवसातून तीन डाव पाणी मारा लागते! पाऊस नाही. पोती भिजवा लागते. मी हललो की तडे जातात. कोणासाठी करून राहिलो हे?"

"ते मले नका सांगू. आई म्हणते, माहेरून आणाले सासरा आला होता, बाळंतपणाहून आणाले दीर आला होता. आता म्हातारपणी आणाले घरचं कोणीच नाही. जावयाच्या गाडीत सामानासारखी कशी जाऊ?"

मी फोन हातात घेऊन ओट्यावर बसलो. अडीच महिने मी एकेचाळीस फुटांचा विचार करत होतो. अमरावती ते अकोला या अंतराचा विचारच केला नव्हता. तो रस्ता तर आयता होता.

पाणी मारायचं माणिकबाईंना सांगितलं, धुतलेला सदरा घातला आणि एसटी धरली.

वर्षालीच्या फ्लॅटमध्ये सत्यवती खुर्चीवर बसून फुलवाती वळत होती. मान वर केली नाही.

"कोण आलं वं, वर्षाली?"

"बाबा आले."

"कोणाचे?"

मी समोरच्या दिवाणावर बसलो. पाणी प्यालो. पंख्याकडे पाहिलं. वाती वळणारे हात थांबेनात.

"अकोल्याहून अमरावती किती लांब आहे जी?" तिनं विचारलं.

"दोन-अडीच तास. खड्डे धरून तीन."

"तुमाले अडीच महिने लागले."

मी म्हटलं, "चाल, तुले न्याले आलो." आणि मग, खरं म्हणजे तिथंच पावलांचं सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पण तिनं वातींचा डबा बंद केला, वॉकर जवळ ओढला आणि उठताना माझा खांदा धरला, आणि माझ्या तोंडून जे निघालं ते असं की, असा रस्ता सबंध वऱ्हाडात नाही, लोक गुरुकुंजाच्या आश्रमाहून येताना वाकडी वाट करून पाहायला येतात.

"माणिकबाईचा फोन होता मले," ती म्हणाली. "म्हणे रस्त्यावर काही केलं तुमी."

"काय म्हणे?"

"म्हणे, सांगत नाही, येऊन पाहा."

चंदनच्या गाडीत मी सबंध वेळ खिडकीबाहेर पाहत होतो. मूर्तिजापूर येईपर्यंत तीन थापा तयार केल्या. एक, ही नवीन पद्धत आहे. दोन, मिस्त्रीनं केलं. तीन, पावलं मुळात बरोबर होती, काळी माती फुगून फिरली. तिसरी मला स्वतःला पटत आली होती.

पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. मातीचा डोंगर माणिकबाईंनी एव्हाना शेवंतीला नेला होता, त्या जागी सगळी गल्ली उभी. नागसेनभाऊ, माणिकबाई टोपलं घेऊन, बद्रुद्दीन उरलेली पोती न्यायला आला होता तो. उत्तमराव आपल्या फाटकात. मी आमचं फाटक उघडलं. चंदननं वॉकर मांडला. सत्यवती उतरली आणि तिनं रस्त्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. मग फाटकापासून ओट्यापर्यंत, सावकाश, एकेक पाऊल पाहत गेली.

"कोणं काढले?"

"मी."

"काहून?"

"तुले आता उकिडवं बसता येत नाही म्हणून."

उत्तमराव चष्मा पुसू लागले. बद्रुद्दीन आभाळात ढग शोधू लागला.

"आन् लक्ष्मी चालली कुठं?"

मी पहिली थाप काढली, ती ओठाशी आली आणि परत गेली. दुसरीसाठी बद्रुद्दीन समोर उभा होता. तिसरीला माणिकबाई हसल्या असत्या.

"अकोल्याले," मी म्हटलं. "तुले आणाले. ती माह्या आधी निघाली. मले उशीर झाला."

सत्यवती माझ्याकडे बघत राहिली. एकोणचाळीस वर्षांत ज्या बाईनं माझी एकही गोष्ट खरी धरली नाही, तिनं ही कुठं ठेवावी हे बहुधा तिला ठरवता येत नव्हतं.

"थापाडे," ती म्हणाली. आणि वॉकर पुढे टाकला.

टक. एक पाऊल. टक. एकेचाळीस फुटांना अकरा मिनिटं लागली. मी बाजूला चाललो, हात पुढे धरून, धरायची वेळ आली नाही. काँक्रीट हललं नाही, ती घसरली नाही. अर्ध्यात थांबून तिनं फक्त एवढंच म्हटलं, "उतार चांगला दिला." मागे नागसेनभाऊंचा हुंदका ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी महालक्ष्म्या यायच्या होत्या. सत्यवतीनं ओट्यावर खुर्ची टाकून घेतली आणि मला हाक मारली. तिच्या हातात भिजवलेल्या तांदळाच्या पिठाची वाटी होती.

"हे घ्या. सिमेंटातले गेले ते गेले. येणारे पाय बाजूनं काढा. दरसाली काढा लागन आता."

"मी?"

"मले तर वाकता येत नाही. तुमीच म्हणता."

मी वाटी घेऊन फाटकाशी गेलो, उकिडवा बसलो.

"तोंड कुठं आहे?" ओट्यावरून आवाज आला.

मी घराकडे वळलो.

"हां. आता टाका मूठ."

पहिलं पाऊल उठवलं. दुसरं उठवलं. माणिकबाई फाटकाशी थांबून पाहू लागल्या, उत्तमराव भिंतीशी आले, आणि सगळ्यांना पुन्हा वाचा फुटली. कोणी म्हणे मूठ सैल, कोणी म्हणे बोटं लांब. सातव्या पावलाला मी पुढे सरकायला गेलो आणि माझा उजवा गुडघा असा कडकन वाजला की भिंतीवरचा उत्तमरावांचा कप हलला.

सत्यवती खुर्चीवरून हसली. अडीच महिन्यांत पहिल्यांदा.

"हळू," ती म्हणाली. "नागपूरच्या डॉक्टरचा नंबर आहे माह्यापाशी."